थ्री-वेचा पोर्ट (लाइनवरच्या तीन वाटांच्या तोटीचं तोंड) नेमका कसा पुसता? (मदत हवी आहे)

नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झाली, तालुक्याच्या गावी खासगी आयसीयूत आहे. मागच्या महिन्यात एका पेशंटला सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन झालं. तेव्हापासून इनचार्ज सिस्टर प्रत्येकीच्या मागे उभ्या राहून बघतात. बघू देत, पण माझे प्रश्न कोणी सोडवत नाही.

निडल-फ्री कनेक्टर (सुईशिवाय सिरिंज जोडता येते असं बंद तोंड) असला की अडत नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या स्वॉबने वरचा भाग आणि बाजूचे आटे लिंबू पिळल्यासारखे फिरवून १५ सेकंद घासते, सुकू देते. पण आमच्याकडे बहुतेक लाइनींना नुसता थ्री-वे. टोपी काढली की उघडं भोक! आत स्वॉब जाणार कसा? आणि काढलेली टोपी ठेवायची कुठे? काहीजणी गादीवर ठेवतात आणि तीच परत लावतात. बोलले तर "फार शिकून आलीस" ऐकावं लागतं.

स्वॉब संपले की डबीत भिजवलेला स्पिरिटचा कापूस असतो. त्यात दिवसभर सगळ्यांचे हात. चालतो का?

शिवाय एका अँटिबायोटिकला फ्लश (सलाइनने नळी धुणं), औषध, परत फ्लश अशा तीन जोडण्या. तिन्ही वेळा घासायचं? नाइटला व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट एकटीकडे असतात हो.

प्रतिसाद (इन्फेक्शन कंट्रोल नर्स, १४ वर्षं):
डबी आधी बंद करा. आधीच भिजवून ठेवलेल्या कापसात हातांचे जंतू जातात, म्हणून तसा कापूस वापरू नका हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या इंजेक्शनविषयक सूचनांतच आहे. आणि अल्कोहोलने बीजाणू (जंतूंची चिवट रूपं) मरत नाहीत.

भोक आतून घासता येत नाही, हे तुझं बरोबर. म्हणूनच थ्री-वेच्या प्रत्येक पोर्टवर कनेक्टर बसवायचा. तोवर कड आणि बाहेरचे आटे घास, टोपी दर वेळी नवी, निर्जंतुक. जुनी कचऱ्यात.

तिन्ही वेळा घासायचंच, सूट नाही. मार्गदर्शक सूचनांत ५ ते १५ सेकंद सांगतात. मी १५ च शिकवते, कारण घाईत पंधराचे आठ होतात, पाचाचे दोन. फुंकर मारून सुकवू नकोस. क्लोरहेक्सिडीन मिसळलेला स्वॉब असेल तर सुकायला जास्त वेळ दे.

धागाकर्ती:
आभारी आहे ताई. डबी आजच उचलली. पण कनेक्टरचं इंडेंट (मागणीपत्र) टाकलं तर स्टोअरवाले विचारतात, पेशंटच्या बिलात लागेल का? सरांना हे कसं पटवायचं, तेवढं कोणी सांगा.