ज्यात आपला उन्हाळा खरा दिसतो असे पिक्चर कोणते? गावात दाखवायचे आहेत

वखरपाळी (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

मंडळी, प्रश्न शीर्षकातच आहे. पण तो का पडला ते सांगितल्याशिवाय उत्तरं नीट येणार नाहीत, म्हणून जरा लांबीनं लिहितो.

पावसाचे पिक्चर मागा, ढिगानं मिळतात. थंडीही सिनेमावाल्यांना जमते. उन्हाळा मात्र पडद्यावर चुकतो, निदान आमचा तरी. हिरोच्या कपाळावर थेंब चमकवले की झाला उन्हाळा. तो मुंबईचा असेल. आमच्याकडे पारा ४५ च्या वर गेला की घाम अंगावर दिसतच नाही, हवा इतकी कोरडी की आला तसा उडून जातो. संध्याकाळी शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे दिसतात. असा शर्ट घातलेला माणूस मी अजून एकाही पिक्चरमध्ये पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट भेगांची. जमिनीला पडलेल्या भेगा दाखवल्या म्हणजे दुष्काळ, असं सिनेमानं ठरवूनच टाकलं आहे. अहो, कपाशीच्या काळ्या जमिनीला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, चांगल्या वर्षीसुद्धा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिचा स्वभावच तो. शिवाय नांगरून जमीन तापू दिली की बोंडअळीचे कोष उन्हात उघडे पडून मरतात. मे महिन्यातली तापलेली, भेगाळलेली जमीन पाहून शेतकरी रडत नाही. त्याला रडू येतं जुलैमध्ये, पेरल्यावर पाऊस दडी मारतो तेव्हा. शिवार तेव्हा हिरवं दिसत असतं, कॅमेऱ्याला त्यात दुःख सापडत नाही.

आणि दुपार. पिक्चरमध्ये ती एका शॉटमध्ये संपते. सूर्य, घारीचा आवाज, पुढचा सीन. आमची दुपार दहाला सुरू होते आणि पाचपर्यंत हलत नाही. पहाटे शेणखत टाकून, वखर हाणून माणसं घरी येतात, कूलरमध्ये पाणी ओततात, आणि लाईन गेली की ओला पंचा अंगावर टाकून पडून राहतात. त्याच वेळी माझी आई अन् काकू भर उन्हात गच्चीवर कुरडया उलटवत असतात, कारण त्यांना तेच ऊन लागतं. ज्या उन्हापासून बाप लपतो, त्याच उन्हाची आई वाट पाहते. एका घरातली ही दोन उन्हं कोणी दाखवली असतील तर मला तो पिक्चर सांगा, मी कुठूनही मिळवीन.

माझ्या नजरेत जवळ आलेले दोनच. एक ‘लगान’. सगळं गाव आभाळाकडे पाहतं, ढग येतात, लोक नाचायला लागतात आणि ढग तसेच पुढे निघून जातात. तो पिक्चर १५ जून २००१ ला लागला होता, म्हणजे मृग लागून आठवडा झाला होता. त्या दिवसांत इथला प्रत्येक माणूस तेच करत असतो. १८९३ सालची गोष्ट, गुजरातेत शूटिंग, तरी ते मान वर करून पाहणं अस्सल आमचं आहे.

दुसरा सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर कपाशीवाल्या शेतकऱ्याची बायको अलका घाबरते आणि नवऱ्यावर लक्ष ठेवायला पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी. आपल्या भागाची बोली, आपलीच कपाशी. त्यात उपदेश नाही. बाई पुरणपोळी करते, नवऱ्याला काही बोलू देत नाही, आणि आपल्याला कळतं की ती भीतीपोटी करते आहे.

आता बेत असा आहे की मेच्या शेवटी लग्नं उरकली की समाजमंदिरासमोर तीन रात्री पिक्चर दाखवायचे. पुण्याला कामाला गेलेली पोरं आलेली असतात, प्रोजेक्टर त्यांच्यातला एक आणतो आहे. लेकरं, म्हातारे, बाया सगळे असतील. काय दाखवू? ‘गाभ्रीचा पाऊस’ दाखवावासा फार वाटतो, पण शेतकऱ्यानं जीव दिलेली दोन घरं गावातही आहेत. तिथेच अडलोय.

सातपुड्याखाली (अकोट)

भाऊ, मिठाच्या शर्टाचं शंभर टक्के बरोबर. पण एक सांगू का? आमच्याकडे मे महिन्यातला पिक्चर म्हंजे लग्नातला व्हीसीआर. वरात आली, पाहुणे जेवले, का रंगीत टीव्ही अन् व्हीसीआर भाड्यानं आणत. रात्रभर तीन कॅसेटी. पहिल्या पिक्चरले अख्खं गाव, दुसऱ्याले पोट्टे, अन् तिसऱ्याले ज्याईले झोप येत नाही ते म्हातारे. अंगणात पाणी शिंपडेल राहे, त्याच्यावर फारी टाकून बसत. तवा कोणी इचारलं नाही का याच्यात आपला उन्हाळा हाये का. मले तं वाटते, उन्हाळ्यात सगळ्याईनं मिळून पाह्यला तो उन्हाळ्याचा पिक्चर. तुमच्या तीन रात्रीत एक मारधाडीचा ठेवाच. म्हातारे लोकं त्याच्याचसाठी येतात.

पांढरा पडदा (मूळची वर्धा जिल्ह्यातली, सध्या पुणे)

दादा, दोन पिक्चर सुचवते. पहिला हिचकॉकचा ‘रिअर विंडो’, १९५४ चा. उष्णतेची लाट आलेली, न्यूयॉर्कमधली सगळी बिऱ्हाडं खिडक्या उघड्या टाकून बसलेली, आणि पाय मोडलेला एक फोटोग्राफर त्यांच्याकडे पाहत राहतो. त्यात एक नवरा-बायको घराबाहेरच्या लोखंडी जिन्यावर गादी टाकून झोपतात. रात्री अचानक पाऊस येतो आणि दोघं धडपडत गादी आत ओढतात. मी कॉलेजात हे पाहिलं आणि उठून उभी राहिले. आमच्या गच्चीवर अवकाळीचे थेंब पडले की हेच व्हायचं! उशा कोणी घ्यायच्या, खाट कोणी उचलायची, यावरून आरडाओरडा. अमेरिकेतल्या माणसांबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली ती त्या गादीमुळे.

दुसरा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७). वर्षातला सगळ्यांत तापलेला दिवस, एका खोलीत बारा माणसं, पंखा चालत नाही. चिडचिड आधी उन्हाची असते, मग ती आरोपीवर निघते. भारनियमनात भावाभावांची भांडणं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि मध्येच पाऊस सुरू झाला की खोलीतली हवाच बदलते. गावात इंग्रजी चालणार नाही, तेव्हा बासू चटर्जींनी हिंदीत केलेला ‘एक रुका हुआ फैसला’ दाखवा. पंकज कपूर, अन्नू कपूर दोघेही आहेत. पोरं कंटाळतील, मोठी माणसं हलणार नाहीत.

अकोटच्या काकांचं म्हणणंही खरं आहे. मुळात ‘उन्हाळी सिनेमा’ ही कल्पना गारव्यातून आली. अमेरिकेत पूर्वी उन्हाळा म्हणजे थिएटरांचा मंदीचा काळ होता. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरियर कंपनीनं एअर कंडिशनिंग बसवलं आणि लोक गारव्यासाठी तिकीट काढू लागले. पुढे जून १९७५ मध्ये ‘जॉज’ आला आणि मोठे पिक्चर उन्हाळ्यातच लावायची चाल पडली. आपल्याकडे २००८ पासून आयपीएल याच दिवसांत असल्यानं हिंदीवाले बिचकतात. तरी ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि पुढच्याच वर्षी ‘बाहुबली २’ २८ एप्रिलला. दोन्हीला आमच्याकडची माणसं तालुक्याच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला गेली, डोक्याला दुपट्टे बांधून. आत कूलर होते, वाऱ्यापेक्षा आवाज जास्त.

‘गाभ्रीचा पाऊस’बद्दल: त्या दोन घरांतल्या बायांना आधी विचारा. सरपंचांना नाही, घरातल्या पुरुषांनाही नाही. त्या बायांना.

मोहफूल (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. उन्हात भाजून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा ऊन कशाला दाखवता?

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. शंकरपट (बैलांची शर्यत) असला की त्या रात्री नाटक असतंच आणि लोक थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. त्या नाटकांत रडणं भरपूर असतं, लोक मनापासून रडतात. कारण धान घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, रडायला सवड असते. मे महिन्यात ती सवड नसते. तेंदूपत्त्याला पहाटे जंगलात, वाघाची भीती वेगळी, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करतात तिथे, द्यायचे. तुमच्याकडे बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव चालू असेल. अशा माणसाला हसवा. ‘गाभ्रीचा पाऊस’ मोठा पिक्चर आहे, पण तो पिकं घरात आल्यावर दाखवा.

वखरपाळी

मोहफूल दादा, राग कसला, तुमची सवडीची गोष्ट मला पटली. बियाण्याचंच चालू आहे इथे. पण ऊन कशाला दाखवता, हे पटत नाही. लोकांना आपलं ऊन पाहायचं नसतं असं नाही, त्यांनी ते कधी पाहिलेलंच नाही. जे पाहिलं ते दुसऱ्याच कोणाचं होतं. ताईंच्या त्या गादीवर आमचं गाव खदखदून हसेल, आणि ते हसणं मारधाडीवरच्या शिट्टीपेक्षा वेगळं असेल. मला ते ऐकायचं आहे. इंग्रजी असला तरी तेवढा तुकडा दाखवतोच, त्यात बोलणं कळायची गरज नाही.

म्हणून असं ठरवतोय: पहिल्या रात्री ‘लगान’. दुसऱ्या रात्री अकोटच्या काकांसाठी मारधाड, नाव म्हातारे ठरवतील. तिसऱ्या रात्री आधी गादीचा तुकडा आणि मग ‘एक रुका हुआ फैसला’. ‘गाभ्रीचा पाऊस’ यंदा नाही. दिवाळीनंतर कापूस वेचून झाला की त्या दोन्ही घरी माझी आई जाऊन विचारेल. त्या हो म्हणाल्या तरच, आणि त्यांना वाटलं तर गावासमोर न लावता आमच्या घरात.

सातपुड्याखाली (अकोट)

लय चांगलं. आता कामाचं ऐका. मेच्या शेवटी संध्याकाळी वावधन सुटते, पडदा खाली घट्ट बांधू नका, मोकळा सोडा, नाही तं बल्ल्या उपटून नेईल. साडेसातच्या आत अंधार पडत नाही, तवा आठले सुरू करा. लाईनीच्या भरवशावर राहू नका, जनरेटर सांगून ठेवा, अन् तो समाजमंदिराच्या मागं ठेवा, नाही तं आवाजात काही ऐकू येणार नाही. ‘लगान’ पावणेचार तासाचा हाये, मंधात एक सुट्टी द्या अन् पाण्याचे दोन रांजण भरून ठेवा.

पांढरा पडदा

आणि दादा, चार लोकांत पिक्चर दाखवायचा तर हक्क ज्यांचे आहेत त्यांची परवानगी लागते. आत्तापासून पत्र पाठवा, वेळ जातो त्यात. मजकूर हवा असेल तर मला निरोप करा, मी लिहून देते.