दादा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय, आता पुढे काय?

धाकटी_बहीण:
दादा चार महिने केंद्रात राहून मागच्या आठवड्यात घरी आला. दारू बंद आहे पण दिवसभर खोलीत पडून असतो, कुणाचा फोन घेत नाही, आई पैशांचं पाकीट लपवते आणि तो आत आला की नकळत वास घेते, हे त्यालाही कळतं. निघताना तिथल्या मॅडमनी एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगचा पत्ता आणि एका डे सेंटरचा नंबर दिलाय. तो म्हणतो आधी नोकरी लागू दे मग बघू. खरं सांगायचं तर मलाही प्रश्न पडलाय, नुसतं गोल करून बसून बोलल्याने होतं काय?

नऊ_वर्षं_कोरडा:
ताई, मीही हेच म्हणायचो. एए १९३५ साली सुरू झालं तेच मुळात असं, बिल विल्सन नावाचा माणूस कामासाठी परगावी गेला, व्यवहार फिसकटला, समोर हॉटेलचा बार, आणि त्याने आत जायच्या ऐवजी फोन फिरवून फिरवून दुसरा एक दारुडा शोधला. तो निघाला डॉक्टर! बिलला त्याला उपदेश करायचा नव्हता, स्वतःची दारू टाळायची होती. माझं म्हणाल तर पहिले दोन महिने मी मागे बसून घड्याळ बघायचो. मग एकाने हॉलची किल्ली माझ्याकडे दिली, म्हणे उद्यापासून तू उघड, खुर्च्या लाव. घरात कुणी मला कपाटाची किल्ली देत नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे ही. त्या किल्लीपायी मी जात राहिलो, बोलणं वगैरे नंतर.

मधली_पायरी:
मी अशाच एका डे सेंटरवर काम करते. आधी नोकरी की आधी सेंटर असं काही नसतं हो, दोन्ही एकदम चालतं. न्यूयॉर्कमधलं फाउंटन हाउस १९४८ पासून आहे, मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांनी उभं केलेलं, तिथे आलेल्याला पेशंट नाही, मेंबर म्हणतात, आणि फोन घेण्यापासून हिशेबापर्यंतची कामं मेंबर आणि स्टाफ मिळून करतात. सकाळी उठून कुठेतरी पोचायची सवय तिथूनच परत लागते. आमच्याकडे तर अर्धा वेळ थकलेलं कर्ज, बंद पडलेलं बँक खातं, हरवलेली कागदपत्रं यातच जातो. बोअरिंग काम आहे, पण यातलंच काहीतरी अडकलं की माणूस परत बाटलीकडे वळलेला मी पाहिलाय.

आडवा_प्रश्न:
सगळेच गट चांगले नसतात एवढं सांगतो. माझ्या मेहुण्याला एका ठिकाणी सायकिॲट्रिस्टच्या गोळ्या बंद कर म्हणाले!! असं कुणी म्हटलं तर सरळ गट बदला, गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारायचं. बाकी एए नुसतं भाबडेपण नाही, २०२० च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (उपचारांवरचं संशोधन तपासणारी संस्था आहे ती) २७ अभ्यास एकत्र तपासले होते, दारूपासून सलग लांब राहण्यात एए आणि तिकडे जोडून देणारे उपचार इतर थेरपीइतके किंवा त्याहून सरस ठरले.

धाकटी_बहीण:
किल्लीचं वाचून आईला दाखवलं, काही बोलली नाही. पहिल्यांदा मी दादाबरोबर गेले तर चालेल का?

नऊ_वर्षं_कोरडा:
ओपन मीटिंग असेल तर चालतं, क्लोज्डला फक्त दारू सोडायची आहे तेच. फोन करून विचारा, फी वगैरे काही नसते. आणि घरच्यांचं अल-अनॉन वेगळं असतं, तिथे आईंना घेऊन जा, दादा येवो न येवो.