पाणीपट्टी वाढवा, मीटर बसवा, पण सोलापूरला रोज पाणी द्या

होटगीरोडकर
मी कर सल्लागार. दिवसभर टॉवेल-चादरवाल्या कारखानदारांचे हिशेब बघतो. या मार्चअखेरीला पहिल्यांदाच घरच्या पाण्याचा हिशेब मांडला. आमच्याकडे चार दिवसांआड नळ येतो. पिण्यासाठी २० लिटरचा जार, दिवसाआड एक, ३० रुपयांना. वर्षाचे साधारण ५,४०० रुपये झाले. शिवाय हौद, गच्चीवरची टाकी, दोन मोटारी, त्यांचं वीजबिल, हौद धुणाऱ्याची मजुरी. हा सगळा करच आहे, फक्त महापालिकेच्या तिजोरीत जात नाही.

नासाडी वेगळीच. नवं पाणी आलं की अख्खी गल्ली पिंपातलं उरलेलं पाणी शिळं म्हणून गटारात ओतते. उद्या नळ येणार याची खात्री असती, तर कुणी मुळात भरून ठेवलं असतं का? आणि पाणीपट्टी ठरावीक असल्यामुळे चार बादल्यांत भागवणारा आणि नळीनं गाडी धुणारा सारखेच पैसे भरतात. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, जास्त वापराला चढा दर लावला. आपणही तेच करावं.

पूर्वभागातली
सर, हा हिशेब तुमच्या घरचा झाला. माझी आई विड्या वळते. पाण्याच्या दिवशी नळ पहाटे ३ ला येतो का सकाळी ८ ला, कुणालाच ठाऊक नसतं. मांडीवर सूप आणि कान नळाकडे. हजार विड्या व्हायच्या तिथं सहाशे होतात, आणि मजुरी हजारावर मोजतात. कापण्याआधी पान भिजवायचं तर तेही याच पाण्यात.

आमच्या बोळात सहा घरांत एक नळ आहे. तिथं मीटर लावलात तर सहा घरांचा वापर एकाच आकड्यात दिसणार, आणि तुमचा तो चढा दर आम्हालाच लागणार. गाडी धुणारा सुटेल, कारण त्याच्या घरात माणसं तीन.

निवृत्त अभियंता
पाणीपुरवठ्यात नोकरी केली म्हणून लिहितो. नळ सुटताना आधी पाइपातली हवा बाहेर पडते आणि ती मीटर फिरवते. चार दिवसांआड पाणी देऊन मीटर बसवले तर लोक हवेचं बिल भरतील, आणि पहिल्याच महिन्यात मीटर फोडतील. आधी पाणी सलग, मग मीटर. हा क्रम उलटवता येत नाही.

मलकापूर लहान गाव, नदी उशाशी. आपलं उजनी धरण शंभर किलोमीटरवर. पंपाची वीज गेली की शहराच्या पाण्याचा फेरा एक दिवस पुढे सरकतो. शहरासाठी पाणी अडवणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी भीमेतून सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, उडतं, उपसलं जातं. आणि शहरातही नळाला थेट मोटार लावणारे शेजाऱ्याचं पाणी ओढतात. ते आधी थांबवा.

होटगीरोडकर
हवेचा मुद्दा मला माहीत नव्हता, पटला. सहा घरांचा नळ माझ्या हिशेबातच नव्हता, ही माझी चूक. मग पाण्याचा दर नळावर नको, घरांवर धरा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरांसाठीचं मानक आहे, तेवढ्याला दर कमी ठेवा, चढा दर त्यापुढे. पण पंपाचं वीजबिल कुणीतरी भरायचंच आहे. पाणीपट्टी वाढवायची नाही म्हणत राहिलो, तर सलग पाणी द्यायला पैसा येणार कुठून? आज तोच पैसा आपण जारवाल्याला देतोच आहोत.

पूर्वभागातली
जार तुम्ही घेता, आम्ही नळाचंच गाळून, उकळून पितो. तरी पैसे द्यायला आमची ना नाही. पण सुरुवात वेळेपासून करा. आज आमच्या बोळात अमुक वाजता नळ येणार म्हणून सांगा आणि तेव्हाच सोडा. त्याला ना मीटर लागतो, ना नवा पाइप. आईच्या त्या दिवशीच्या चारशे विड्या वाचल्या, तर वाढीव पाणीपट्टी ती त्यातून भरेल.