बारावी उत्तीर्ण नसताना पदवीला प्रवेश : कोणता मार्ग धरावा?

लालबागकर :
मार्च 2023 मध्ये मी राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून दिली. परंतु भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो. त्यानंतर मस्जिद बंदर येथे एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत नोकरीला लागलो आणि अभ्यास सुटला तो सुटलाच. आता बी.ए. करून पुढे तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे मनात आहे. मुक्त विद्यापीठात बारावीशिवाय पदवी करता येते, असे कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी सांगतात. तसे असल्यास पुन्हा बारावीच्या खटाटोपात पडण्याची आवश्यकता आहे काय?

रात्रशाळेतील शिक्षिका :
तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, सहा महिन्यांचा बी.पी.पी. हा पूर्वतयारी कार्यक्रम 18 वर्षे पूर्ण झालेल्यांना बारावीशिवाय पदवीपर्यंत नेण्यासाठीच आखलेला आहे. मात्र तो बारावीशी समकक्ष धरला जात नाही आणि तुमचे घोडे नेमके तिथेच अडेल. मूळ पात्रता, म्हणजे तुमच्या बाबतीत बारावी, नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना विधी शाखेत प्रवेश मिळणार नाही, असे बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत नियम 5 च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. केवळ पदवी हवी असती, तर मी निराळा सल्ला दिला असता. वकिली करायची असेल, तर बारावी टाळू नका.

फोर्टचा वाचक :
बाईंशी पूर्ण सहमत आहे. आता बारावी कशी करायची, एवढाच प्रश्न उरतो. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा देऊन राहिलेले दोनच विषय सोडवता येतील. विज्ञान शाखेचे बारावीचे प्रमाणपत्र कला शाखेच्या प्रवेशालाही चालते. परंतु नोकरी सांभाळून गणित आणि भौतिकशास्त्र झेपणार नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे, वळावे, असे मला वाटते. तिथे उच्च माध्यमिक परीक्षा किमान पाच विषयांची असते आणि मंडळात उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण नियमांच्या अधीन राहून वर्ग करून घेता येतात. इंग्रजी आणि तिथे उपलब्ध असलेला आणखी एक विषय तुम्ही उत्तीर्ण असाल, तर ते दोन वर्ग करून इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एवढेच नव्याने द्यावे लागतील. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी होते. सगळे विषय एकाच खेपेस देण्याची सक्तीही नाही. खासगी क्लासच्या ‘हमखास पास’ जाहिरातींना मात्र भुलू नये. नोंदणी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी.

लालबागकर :
गणिताचे नाव काढले तरी अंगावर काटा येतो, तेव्हा दुसराच मार्ग धरतो. अन्य मंडळाची बारावी असल्याने मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयात प्रवेश घेताना काही अडचण येते काय?

रात्रशाळेतील शिक्षिका :
अडचण नाही, कागद मात्र वाढतात. गुणपत्रिकेसोबत स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि विद्यापीठाकडून पात्रता निश्चित करून घ्यावी लागते. हे काम महाविद्यालयाच्या कार्यालयामार्फत होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तेच नाव, त्याच क्रमाने, नोंदणी अर्जात लिहावे. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षरात असले, की ऐन प्रवेशाच्या गर्दीत प्रतिज्ञापत्रासाठी धावाधाव करावी लागते.