होडीची गळती, रीळ, तंगूस (गळाची नायलॉन दोरी): घरच्या घरी काय दुरुस्त केलं ते सांगा

शहापूर, बेळगाव
मंडळी, हिडकल धरणाच्या पाण्यावर गळ टाकाय जाणारे आपल्यात बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझी दहा फुटी फायबरची होडी, जुन्यातच घेतलेली. दिवाळीनंतर तासाभरात तळाला चार बोटं पाणी साठाय लागलं. दोन रंगांची मळायची पुट्टी आणली, भेग दिसली तिथं दाबून बसवली, वरनं ऑईलपेंट मारला. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्याला पुट्टी अख्खी पापुद्र्यासारखी सुटून हातात आली. मग होडी ओंडक्यांवर ठेवून आतनं थोडं पाणी ओतलं आणि खाली वाकून बघितलं, तर गळत होतं भलतीकडंच, मागच्या फळीच्या बोल्टातनं! गळती शोधायला हा उपाय एकदम चांगला, फक्त पाणी तीन-चार इंचाच्या वर भरू नका, लिटरला किलोभर वजन येतंय, तळ चिरेल. आता बोल्ट तर कळले, पण ती भेगपण बुजवायची हाय. तुमचं काय टिकलं, काय सुटलं, सगळं लिहा.

उद्यमबाग
फायबर मोल्डिंगचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुट्टी सुटली कारण ती रंगाला चिकटली होती, होडीला नाही. आधी रंग आणि जेलकोट, म्हणजे होडीचा वरचा गुळगुळीत थर, ग्राइंडरनं काढून खालचं फायबर दिसलं पाहिजे. भेगेच्या कडा उभ्या ठेवायच्या नाहीत, उतार द्यायचा, जाडीच्या साधारण बारापट, म्हणजे तळ ४ मिमी जाड असला तर दोन्ही बाजूला ५० मिमीपर्यंत घासायचं. लोकांना हे जास्त वाटतंय पण जोड धरतो तो ह्या उतारावरच. मग असिटोननं पुसा आणि वाळू दे. इथं सगळे घाई करतात. भेगेत मुरलेलं पाणी वरनं दिसत नाही, उन्हात दोन-तीन दिवस पालथी घाला की होडी. रेझिन म्हणजे फायबर चिकटवायचा पातळ राळेसारखा द्रव, त्याला घट्ट करणारा हार्डनर १ ते २ टक्के, १०० ग्रॅमला १-२ ग्रॅम, अंदाजानं ओतायचं नाही, छोटा वजनकाटा घ्या. भेगेवर घालायच्या मॅटवर, म्हणजे काचतंतूंच्या कापडावर, ब्रश ओढायचा नाही, टोचत टोचत रेझिन मुरवायचं, बुडबुडा राहिला की तिथनंच परत पाणी शिरतंय. आपल्याकडं डिसेंबरात सकाळी पारा १५ च्या खाली जातोय, तेव्हा रेझिन नीट धरत नाही, काम दुपारीच करा. आणि हात जोडून सांगतो, कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर धरायला घालतात ते औषध, आधीच घातलेलं रेझिन मागा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत गेलं तर पेट घेतंय, भडका उडतोय. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जातो, चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका.

सदलगा
आमच्याकडं दूधगंगेला फायबर कमीच, गुऱ्हाळाची जुनी काईल नाहीतर ट्रकची ट्यूब. २०१९ च्या पुरात काईलीतनं माणसं काढलेली आम्ही बघितलीत, त्यामुळं तिचा मान वेगळा. काईल गळते ती रिबेटच्या कडेनं, तिथं वेल्डिंगवाल्याकडनं टाका मारून घ्या, वरवरच्या लेपानं भागत नाही. पण ती गोल, एका बाजूनं वल्हं मारलं की गरगर फिरते, वाहत्या पाण्यात मासे धरायला नेऊच नका. ट्यूबचं पंक्चर मी सायकलच्या सोल्युशननं काढायचो आणि उन्हात ते सुटायचं. आता पंक्चरवाल्याकडनं गरम पॅच मारून घेतो, अजून एक सुटला नाही. व्हॉल्वची पितळी नळी पोटाला लागत्या म्हणून तिच्यावर कापड गुंडाळा.

खानापूर
मलप्रभेच्या डोहात मरळ माशाच्या मागं असतो मी. होडी नाही, काठावरनंच. माझी दोन रिळं गेली ती पाण्यानं नाही, ड्रॅग, म्हणजे डोरी सुटताना धरणारा रिळाचा ब्रेक, आवळून ठेवल्यानं. आतल्या चकत्या दबून बसतात, मग मोठी मरळ ओढाय लागली की रीळ अडकतंय नाहीतर एकदम सुटतंय. घरी आलं की ड्रॅग सैल. वेणीसारखी विणलेली डोरी डायरेक्ट रिळाच्या चाकावर (स्पूलवर) गुंडाळली तर अख्खा गठ्ठा घसरून फिरतोय, खाली थोडं साधं तंगूस भरा. गाठ आवळायच्या आधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली की तंगूस घासून तापतंय आणि नेमकं तिथंच तुटतंय. आणि तंगूस खिडकीत ठेवू नका, ऊन त्याला खातंय.

निपाणी
काठीच्या रिंगांत कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला की रिंगेला चीर हाय, तीच तुमची डोरी कापत होती. टोकाची रिंग हॉट ग्लूनं बसवा, पुढं बदलायची झाली की गरम केलं की निघती.

शहापूर, बेळगाव
उद्यमबागवाल्यांचं ऐकून ह्या रविवारी केलं. बोल्ट काढले, भोकं वाळवली, सीलंट भरून मोठ्या वायसरी घालून परत आवळले. भेगेला तीन थर मॅट. शेवटचा थर चिकट राहिला होता, त्यावर प्लॅस्टिक कागद पसरून दाबला, तो दुसऱ्या दिवशी काचेसारखा निघाला. आतनं पाणी भरून रात्रभर ठेवलं, खाली ठिपकासुद्धा नाही.

खानापूरवाले, पावसाच्या सुरवातीला मरळीच्या लाल पिल्लांचा घोळका वर येतोय आणि आईबाप खाली राखण करतात, तेव्हा तुम्ही गळ टाकता का थांबता?

खानापूर
थांबतो. राखण करणारी मरळ काढली की पिल्लं बाकीचे मासे एका दिवसात फस्त करतात, मी डोळ्यानं बघितलंय. त्या दिवसांत मी रीळ उघडून साफ करत बसतो.