अलिबागची घरं : "आधी होतं काय, डास आणि कंदील?"

बंबातलं_पाणी :
काल इथे एकाने लिहिलं, व्हिलांनी अलिबागचं सोनं केलं, आधी तिथे डास आणि कंदिलाशिवाय होतं काय! डोकं फिरलं म्हणून लिहितोय. नागावला आमच्या मावशीची वाडी. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. मे महिन्यात सगळी भावंडं गोळा. समुद्रावरून आलं की विहिरीवर दोन बादल्या अंगावर, मगच घरात. न्हाणीघरात तांब्याचा बंब, त्यात नारळाची सोडणं. रात्री पडवीत ओळीने गाद्या. आता त्याच आळीत डोक्याच्या वर भिंती, आत निळा स्विमिंग पूल. समुद्र हाकेवर असून माणसं क्लोरीनमध्ये डुंबतात. 2020 साली रो-रो सुरू झाली, भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत घातली की तासाभरात मांडवा. तेव्हापासून शनिवारी रस्ता ओलांडायची सोय नाही.

चौलची_माहेरवाशीण :
सोडणं कोण घालायचं बंबात? आणि त्या ओळीभर गाद्यांवरच्यांना सकाळी घावणे कोण घालायचं? मावशीला कधी विचारलंत, तिची सुट्टी कधी असायची? व्हिलात निदान स्वयंपाकीण पगारावर असते.

वीकेंडकर :
माझीच व्हिला आहे, आवासला. दगड मारायचे तर इकडे मारा. माळी गावातला, स्वयंपाकीण गावातली. जुनं घर रिकामं पडून वाळवी खात होतं, मालकांनी आपणहून विकलं.

भरतीरेषा :
आपणहून! शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तो तुम्ही लोक कुठून कुठून पैदा करता ते सांगा आधी. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला लगाम घालणारा सीआरझेडचा नियम 1991 पासून आहे. किहीमचा नीरव मोदीचा बंगला 2019 ला सुरुंग लावून पाडला, पण त्याआधी तो उभा राहिलाच ना? आम्हाला गोठ्यावर पत्रे टाकायचे तर दहा खेपा.

वीकेंडकर :
माझा एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे. कागद दाखवू?

सातबारा_पीडित :
व्हिला, सीआरझेड सोडा हो. घरं गेली ती सामायिक सातबाऱ्यापायी. आमच्या आजोबांच्या वाडीच्या उताऱ्यावर इतकी नावं की वाचताना दम लागतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या. खर्च कोण करणार? एक भाऊ पुण्यात, एक अमेरिकेत. वर आत्यांची नावं. त्यांनी हक्कसोड दिली असती तर मी कर्ज काढून घर उभं केलं असतं.

चौलची_माहेरवाशीण :
आलात मूळपदावर. आत्यांनी का सोडायचा हक्क? पुण्याच्या भावाकडे मागितलीत हक्कसोड?

सातबारा_पीडित :
तो दरवर्षी घरपट्टीचे पैसे पाठवतो. आत्या लग्नानंतर गणपतीलाच यायच्या.

चौलची_माहेरवाशीण :
आणि गणपतीत पाटावर बसून राहायच्या का? वाटण वाटून हात सोलायचे. 2005 चा केंद्राचा कायदा तुमच्या कानावर आला नसेल, महाराष्ट्राने 1994 लाच मुलींना वाटा दिला होता.

भरतीरेषा :
1994 चा फक्त त्यानंतर लग्न झालेल्यांना. अर्धवट माहिती देऊ नका.

चौलची_माहेरवाशीण :
माझं लग्न 1997 चं. पूर्ण माहिती आहे. माझ्या भावाने "नुसती सही कर" म्हणून स्टॅम्पपेपर पुढे केला होता, साडीसकट. साडी ठेवली, कागद परत दिला.

बंबातलं_पाणी :
धागा घरांबद्दल होता. भाकऱ्या-घावण्यांचं मान्य, आम्ही पोरं नुसती गिळायला होतो, झालं समाधान? पण पूलचं मान्य नाही. मावशीच्या विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं. आळीत बोअर मारून मारून गोडं पाणी उपसलं की खारं आत येणारच.

वीकेंडकर :
माझा पूल टँकरने भरतो.

भरतीरेषा :
टँकरवाला पाणी काय स्वर्गातून आणतो? शेजारच्या गावातली विहीरच ना ती!

सातबारा_पीडित :
ताई, त्या साडीवाल्या भावाचं घर आहे का अजून?

चौलची_माहेरवाशीण :
आहे. दोघांच्या नावावर. मागच्या वर्षी कौलं दोघांनी मिळून बदलली, निम्मा खर्च माझा. घराच्या खर्चात बहिणींची वर्गणी धरता येते हे तुमच्या डोक्यात आलं नसेल, हक्कसोडच आली.

सातबारा_पीडित :
विचारून बघतो आत्यांना. त्या नाही म्हणाल्या तर इथेच येऊन लिहीन.