प्रीमियर पद्मिनी संध्याकाळी खंबाटकी चढताना बंद पडते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वाईला राहते आणि नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. रोजच्या येण्याजाण्याला घरची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, हँडलचा गिअर, इंजिन मूळचंच १०८९ सीसीचं. सकाळी तिचा काहीही त्रास नसतो. सुरूर फाट्यावरून हायवेला लागते, बोगद्यातून पलीकडे उतरते, वेळेत कंपनीत. त्रास सगळा संध्याकाळी. पुण्याकडून साताऱ्याकडे येणारी वाहतूक खंबाटकी घाटाने वर चढते हे इकडच्यांना माहीत आहेच, आणि माझी गाडी त्या चढावर बंद पडते. रोज नाही, पण आठवड्यातून एक-दोनदा नक्की. कधी ते सांगता येत नाही, खरा मनस्ताप त्याचाच आहे.

लक्षणं नीट लिहिते. घाटाच्या पायथ्याचं खंडाळा सोडेपर्यंत गाडी छान ओढते. घाट लागला की पुढे लोड भरलेले ट्रक, मग सेकंडवर रांगत चढावं लागतं. टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या थोडा वर जातो, लाल पट्ट्याला लागत नाही, पाणीही उकळत नाही. मग ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ मिळेनाशी होते, गाडी हिसके देते आणि एखाद-दोन वळणांत बंद. सेल मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेलला चालू होते आणि पुढे वाईपर्यंत तक्रार नाही. पावसाळ्यात प्रकार जवळजवळ थांबला होता. दिवाळीनंतर थोडा, आणि मार्चपासून फारच वाढलाय.

आतापर्यंत पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कॉइल सगळं नवं झालं. कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ करून आणला. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचं किट बदललं. वाईतल्या गॅरेजवाल्यांनी करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा प्रॉब्लेम सांगितला, साताऱ्यातल्यांनी कचरा येतोय म्हणून सांगितलं, पुण्यात एका ठिकाणी गाडी ठेवली होती त्यांनी दिवसभर चालवून पाहिली आणि काही दोष नाही म्हणून परत दिली. सपाटीला चालवली तर दोष दिसणारच नाही, हे मी सोडताना सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे. पंपाच्या अलीकडे नळीत एक पारदर्शक प्लॅस्टिकचा फिल्टर आहे. एरवी तो अर्धाअधिक भरलेला दिसतो. परवा घाटात बॉनेट उघडलं तेव्हा तो जवळजवळ रिकामा होता आणि तळाशी उरलेल्या पेट्रोलमध्ये बारीक बुडबुडे येत होते. टाकीत तेव्हा अर्ध्याच्या वर पेट्रोल होतं. याचा अर्थ जाणकारांनी सांगावा.

आता हे सगळं इतक्या कळकळीने का लिहितेय ते सांगते. खंबाटकीत गाडी बाजूला घ्यायला जागा नाही. आतल्या वळणावर बंद पडली तर मागून येणाऱ्या ट्रकला मी शेवटच्या क्षणाला दिसते. मागच्या चाकाला लावायला दगड, लाल त्रिकोण आणि टॉर्च कायम डिकीत असतं. उतरून दगड लावेपर्यंत एक पाय ब्रेकवर ठेवून, हँडब्रेक खेचून बसायचं, आणि मागच्या ट्रकचे एअरब्रेक सुस्कारा टाकतात तो आवाज ऐकत राहायचं. पूर्वी कंपनीतल्या दोघीजणी माझ्याबरोबर यायच्या, पेट्रोल वाटून घ्यायचो. दोनदा अंधारात अडकलो, तेव्हापासून त्या एसटीने जातात. त्यांचं काहीच चुकलं नाही. मुलीला क्लासमधून आणायचं काम आता शेजारच्या काकूंवर पडतं, आणि रोज पाच वाजता "आज येशील ना वेळेत?" हा फोन येतो. त्याला मला हो म्हणता येत नाही.

गाडी विका, हा सल्ला कृपया देऊ नका. घराचे हप्ते चालू आहेत, दुसरी गाडी आत्ता झेपणार नाही. माझ्या शिफ्टला जुळणारी एसटी सुटण्याच्या वेळी नाही. आणि गाडी सासऱ्यांनी नवी घेतलेली आहे, २०२३ मध्ये रीतसर पासिंग झालंय, पत्रा कुठेही सडलेला नाही. मला ती चालवायला मनापासून आवडते. काचेचे खांब इतके बारीक आहेत की घाटातलं वळण पूर्ण दिसतं, हे सुख नव्या गाड्यांत नाही.

तर विचारायचं असं, की दोष पेट्रोलचा की करंटचा, हे घाटातच, एकटीने, फारशी हत्यारं नसताना कसं ओळखायचं? पेट्रोलचा असेल तर इलेक्ट्रिक पंप बसवणं योग्य का? आणि हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलचा याच्याशी संबंध असू शकतो का?

– कृष्णाकाठची

प्रतिसाद – पानापक्कड

ताई, तुम्ही फिल्टरचं जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. याला व्हेपर लॉक म्हणतात. पद्मिनीची टाकी मागे डिकीत, पंप पुढे इंजिनच्या अंगाला बोल्ट केलेला. पंप एवढ्या लांबून पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. सकाळी हवा गार, रस्ता मोकळा, म्हणून काही होत नाही. संध्याकाळी तापलेलं इंजिन, सेकंड गिअर, पुढून वारा नाही. पंपात वाफ भरते, वाफ ओढली जात नाही, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते.

पण खात्री करून घ्या, कारण कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देत असेल तरी लक्षणं अशीच असतात, आणि बाजारात नवा म्हणून मिळणारा कंडेन्सर चांगला असेलच असं नाही. बंद पडल्यावर लगेच, थंड होण्याआधी, हे करा. सोबत एक जास्तीचा प्लग ठेवा. एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि कुणालातरी सेल मारायला सांगा. वायरला हात नको, फडक्याने धरा, आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग करूच नका. निळी, टणक ठिणगी पडली तर करंट ठीक. मग सेल बंद करून एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची सळई हाताने झटकन ओढा. पेट्रोलची चिळकांडी उडायला हवी. कोरडं असेल तर प्रश्न मिटला.

शेवटी पंपावर पाण्याने भिजवलेला फडका ठेवा. मुंबईचे टॅक्सीवाले उन्हाळ्यात हेच करायचे. पाच मिनिटांत चालू झाली तर दुसरं काही शोधत बसू नका.

प्रतिसाद – जुन्या_गाड्यांचा_मित्र

वरच्या सल्ल्यात एक भर. बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलेलं आहे. फुकटात सुटणारा दोष आहे, म्हणून आधी बघायचा.

इथेनॉलबद्दल. संबंध आहे. आता बहुतेक पेट्रोल भरायच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. आपल्या गाडीच्या कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारं बारीक भोक, निव्वळ पेट्रोलसाठी बेतलेलं आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे त्याच जेटमधून वीस टक्क्यांचं मिश्रण गेलं की हवा जास्त, इंधन कमी पडतं. इंजिन ओढ सोडतं, चढावर जास्त तापतं. शिवाय इथेनॉल ७८ अंशाला उकळतं आणि पेट्रोलमध्ये मिसळलं की त्यातले हलके घटक लवकर उडायला मदत करतं. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. आणि रबरी नळ्या सगळ्या बदला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं, आणि ओढीच्या बाजूला तर नळी आतल्या आत चपटीही होते. दुकानात 'जे-३० आर-९' (इंधनाच्या नळीचा दर्जा) छापलेली नळी मागा. पंपाच्या किटमधला डायाफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदाही इथेनॉल सोसणारा हवा.

प्रतिसाद – सह्यकडा

गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवून टाका, मग फिटनेस, पासिंगची कटकट कायमची मिटेल.

प्रतिसाद – जुन्या_गाड्यांचा_मित्र

@सह्यकडा, तो मार्ग यांच्या कामाचा नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांवरची लागते, ही १९८८ ची आहे. आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. ताईंना कामावर जायचंय. दर पाच वर्षांनी नूतनीकरण हाच रस्ता. वीस वर्षांवरच्या मोटारींची त्याची फी २०२५ मध्ये दहा हजार झाली आहे, तेवढी २०२८ साठी बाजूला ठेवा.

प्रतिसाद – कुर्ल्याची_आठवण

माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते, म्हणून राहवलं नाही. ताई, पंप काढून एकच गोष्ट बघा. पंप आणि इंजिन ब्लॉक यांच्या मध्ये काळ्या बेकलाइटचा जाड ठोकळा असतो. इंजिनची उष्णता पंपात जाऊ नये म्हणून तो दिलेला आहे. किट बदलताना बरेच जण तो तुटला म्हणून टाकून देतात आणि कागदी पॅकिंगवर पंप बसवतात. पंप चालतो, सपाटीला काही कळत नाही, पण ब्लॉकची सगळी धग पंपाला लागते. त्या ठोकळ्याच्या जाडीवर पंपाची दांडी किती बाहेर येते ते ठरतं, म्हणून अंदाजाने दुसरं काही ठोकून बसवू नका.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून सुट्या भागांची आवक आटलीय. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. नवं मिळणं कठीण, निघालेलं मिळेल.

प्रतिसाद – कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मिस्टर मुद्दाम शिरवळला आले आणि आम्ही दोघं मिळून परतलो. गाडीने घाटात नेहमीसारखाच दगा दिला. टाकीच्या झाकणाला आवाज नाही. ठिणगी निळी, चटचट पडतेय. कार्ब्युरेटर ठणठणीत कोरडा, सळई कितीही ओढली तरी थेंब नाही. पंपाला बोट टेकवत नव्हतं. ओला फडका ठेवला, त्यातून वाफ निघाली, पुन्हा भिजवून ठेवला, आणि थोड्या वेळात गाडी चालू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कारण डोळ्यांनी दिसलं, मला फार बरं वाटलं.

आज सकाळी थंड इंजिनवर पंप सोडवला. @कुर्ल्याची_आठवण, ठोकळा नाही! नुसतं कागदी पॅकिंग, तेही दुहेरी. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

आता ठोकळा मिळेपर्यंत इलेक्ट्रिक पंप बसवून मोकळी होऊ का?

प्रतिसाद – पानापक्कड

आधी ठोकळा आणि नळ्या. त्यावर दोन आठवडे चालवा. त्यानंतरही मे महिन्यात त्रास राहिला तर इलेक्ट्रिक पंप. तो घेताना कार्ब्युरेटरच्या गाडीचा, कमी दाबाचाच घ्या, दोन ते चार पीएसआय. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर पेट्रोल अडवणारी कार्ब्युरेटरची सुई त्या दाबाला थांबणार नाही आणि पेट्रोल इंजिनवर सांडेल, त्यात आगीचा धोका आहे. बसवायचा तो टाकीजवळ, खालच्या बाजूला, म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जातं आणि नळीत वाफ धरत नाही. वायरिंग रिलेवरून, फ्यूज टाकून, आणि ऑइल प्रेशरच्या स्विचशी जोडून घ्या. अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही आपोआप बंद पडला पाहिजे. हे करायला तयार नसेल अशा इलेक्ट्रिशियनकडे काम देऊ नका.

तोवर संध्याकाळी निघताना पाण्याची बाटली आणि सुती फडका पुढच्या सीटवर ठेवा. पायथ्याला खंडाळ्यात दहा मिनिटं थांबून, बॉनेट उघडून इंजिन निवू द्या आणि मगच चढा. बंद पडायचीच असेल तर सपाटीला, हॉटेलच्या दारात पडू दे, वळणावर नको.

प्रतिसाद – कृष्णाकाठची

खंडाळ्याला थांबायचं आजपासूनच करते. नळ्या साताऱ्यात सांगून ठेवल्या आहेत. नाना पेठेत दोन दुकानांत फोन झाले, एकाने शनिवारी जुना पंप ठोकळ्यासकट दाखवायचं कबूल केलंय. ठोकळ्याची मूळ जाडी कुणाकडे मोजलेली असेल तर इथे टाका, म्हणजे दुकानात पट्टी घेऊन जाते. चाळीसगाव, नगर, गोवा, कुठेही कुणाच्या दारात पद्मिनी उभी असेल आणि पंप हाताशी असेल, तर तेवढं एक माप हवं आहे.